आडवा रॉड, झिजलेला ब्रॅकेट आणि विट्यातलं गॅरेज: दुरुस्तीचा हक्क चॅसीपर्यंत पोहोचतो का?

गाडी साठच्या पुढं गेली की स्टेअरिंग थरथरतं. खड्ड्यातून निघताना गाडी जरा बाजूला सरकल्यासारखी वाटते. वळणावर खालून ‘टक्’ असा एकच आवाज येतो. ऑफ-रोड गाडी चालवणाऱ्यांच्या बऱ्याच तक्रारी या तीन वाक्यांत मावतात. मग आधी व्हील बॅलन्सिंग होतं, नंतर अलाइनमेंट, नंतर टायर बदलले जातात. कुणी स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकतं. चार दिवस बरं वाटतं आणि थरथर परत सुरू होते. गाडीखाली पडून टॉर्च मारली तर अनेकदा मूळ दोष एका बोल्टच्या भोकात सापडतो. गोल असायला हवं ते भोक खाऊन खाऊन अंडाकृती झालेलं असतं.

हे भोक असतं ट्रॅक बारच्या ब्रॅकेटला. ब्रॅकेट चॅसीला किंवा ॲक्सलला कारखान्यातच वेल्ड करून येतो. रॉड दुकानात मिळतो, बुश मिळतो, बोल्ट मिळतो, पण ब्रॅकेट बहुतेक वेळा सुटा मिळत नाही. म्हणजे ही दुरुस्ती पार्ट बदलून संपत नाही, ती कुणाला तरी हातानं करावी लागते.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला, आधी बऱ्याच भागांवर २८ टक्के होता. दोन्ही बातम्या चांगल्याच आहेत. पण त्या या भोकापर्यंत पोहोचतात का, हे बघायचं असेल तर पुण्या-मुंबईच्या शोरूमपेक्षा विट्यासारख्या तालुक्याच्या गावातून बघितलेलं बरं.

पाट्यांवर शिकलेले हात, कॉइलवरच्या गाड्या

विटा हे गुहागर–विजापूर राष्ट्रीय महामार्गावरचं गाव. पश्चिमेला कराड, पूर्वेला खानापूरचा घाटमाथा आणि भिवघाट. यंत्रमाग, पोल्ट्री आणि सोन्या-चांदीची गलाई यांसाठी ओळखलं जाणारं. अशा गावातल्या गॅरेजांचा हात बसलेला असतो तो पिकअप, टेम्पो, जुन्या जीप आणि ट्रॉल्यांवर. आणि या सगळ्यांत एक गोष्ट सारखी: कमानीचे पाटे.

पाटा दोन कामं एकाच वेळी करतो. तो वजन झेलतो आणि ॲक्सलला जागेवरही धरतो. पुढं-मागं सरकू देत नाही, डावी-उजवीकडंही फारसं नाही. म्हणून पाट्यांच्या गाडीत मेन पाटा, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश बघितले की बहुतेक तपासणी झाली. जुन्या महिंद्रा जीपला आणि जिप्सीला चारही चाकांवर पाटेच होते. बोलेरो पिकअपच्या मागं आजही आहेत.

कॉइल स्प्रिंग मात्र फक्त वजन झेलते. तिच्यावर ठेवलेला ॲक्सल मोकळा सोडला तर तो कुठंही भटकेल. त्याला पुढं-मागं धरायला लांब आर्म लागतात आणि आडवं धरायला एक आडवा रॉड. त्याला कुणी पॅनहार्ड रॉड म्हणतं, कुणी लॅटरल रॉड, जीपवाले ट्रॅक बार म्हणतात. पॅनहार्ड हे नाव पॅनहार्ड या जुन्या फ्रेंच मोटार कंपनीवरून आलं. वस्तू एकच. एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला.

जून २०२३ मध्ये बाजारात आलेल्या पाच दारांच्या जिम्नीत पुढं आणि मागं दोन्हीकडं अखंड ॲक्सल, कॉइल आणि असा रॉड आहे. २०२१ च्या गुरखाला मागं आहे, फॉर्च्युनरला मागं आहे. पुण्याजवळ रांजणगावला २०२१ पासून जोडली जाणारी जीप रँग्लर तर दोन्ही टोकांना याच रॉडवर उभी असते. २०२० च्या थारनंही मागचे पाटे सोडून कॉइल आणि मल्टिलिंक घेतलं. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्सच्या मागं सरळ रॉडऐवजी वॉट्स लिंकेज आहे, म्हणजे मध्ये फिरणारा तुकडा आणि त्याला दोन बाजूंनी दोन छोटे रॉड. सरकणं कमी, पण झिजायला सांधे जास्त.

सांगली जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीचं पहिलं बक्षीस म्हणून थार ठेवायची हल्ली रीत पडली आहे. गलाईसाठी देशभर पांगलेली माणसं यात्रेला, दिवाळीला गावी येतात तेव्हा तमिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंतच्या नंबरच्या मोठ्या गाड्या गावात दिसतात. त्या गाड्यांची ‘टक्’ इथंच सुरू झाली तर त्या इथल्याच मिस्त्रीकडं जाणार. प्रश्न मिस्त्रीच्या कसबाचा नाही. त्याच्या हातात वेल्डिंग आहे, शेजारी लेथ आहे. नसते ती माहिती: या बोल्टला किती टॉर्क, ब्रॅकेटचा पत्रा कोणत्या प्रतीचा, भोकाचं मूळ माप किती.

भोक खाल्लं जातं कसं?

आधी रॉडच्या कामाचा अंदाज घेऊ. रॉड ९०० मिमी लांब आणि आडवा सपाट आहे असं धरा. चाक ७५ मिमी वर उचललं गेलं तर रॉडचं टोक वर्तुळाच्या कमानीत फिरतं आणि ॲक्सल साधारण ३ मिमी बाजूला सरकतो. एवढं चालतं, डिझाइन करणाऱ्यानं ते धरलेलं असतं.

आता याच गाडीला दोन इंची लिफ्ट किट बसवा. रॉड आधीच १०० मिमी तिरका असेल आणि त्यात आणखी ५० मिमीची भर पडली, तर ॲक्सल जवळजवळ ७ मिमी एका बाजूला जाऊन बसतो. रॉडचा कोन वाढल्यानं प्रत्येक धक्क्याला बाजूचं सरकणंही वाढतं. बुश जास्त पिळला जातो, ब्रॅकेटवर वाकडा जोर येतो. लिफ्ट केलेल्या गाड्यांत हा ब्रॅकेट लवकर का जातो याचं उत्तर या साध्या भूमितीत आहे. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड बसवला की ॲक्सल मध्ये येतो, कोन मात्र तसाच राहतो.

पण लिफ्ट न केलेल्या गाडीतही भोक वाढतं, आणि त्यामागचं कारण फार जणांना खरं वाटत नाही. बहुतेकांची समजूत अशी की बोल्ट खुंटीसारखा मध्ये अडकून रॉडला धरतो. तसं नाही. ब्रॅकेटचे दोन कान, मध्ये बुशची लोखंडी नळी आणि आरपार बोल्ट. बोल्ट घट्ट आवळला की दोन्ही कान नळीला दाबतात आणि त्या दाबामुळं तयार होणारं घर्षण सगळा जोर पेलतं. बोल्टचं काम दाबून धरण्याचं. रॉड फिरतो तेव्हा नळी फिरत नाही, भोवतीचं रबर पिळतं.

आकडे घालून बघू. १२ मिमीचा, डोक्यावर १०.९ लिहिलेला बोल्ट १०० न्यूटन-मीटरला आवळला तर तो साधारण ४,२०० किलोच्या जोरानं दाबतो. दोन्ही बाजूंचं घर्षण मिळून १,२०० किलोच्या आसपास आडवा जोर न सरकता पेलतं. पुढच्या ॲक्सलवर ७०० किलो वजन असेल तर जोरात घेतलेल्या वळणावर रॉडवर ३५० किलो येतात, खड्ड्याच्या कडेला आपटलं तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे सांधा हलत नाही. आता तोच बोल्ट हाताच्या अंदाजानं ४० न्यूटन-मीटरलाच आवळला असेल तर घर्षण ५०० किलोवर येतं. वळणावर धरेल, खड्ड्यात सरकेल. एकदा सरकला की नळी आणि कान एकमेकांवर घासायला लागतात, धातू पावडर होऊन गळतो, दाब आणखी कमी होतो. त्यानंतर भोक अंडाकृती व्हायला काही महिने पुरतात. (हे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या गाडीचा टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा.)

पुढच्या ॲक्सलला आणखी एक भार असतो. स्टेअरिंग फिरवलं की ड्रॅग लिंक चाकाला ढकलते, आणि त्या ढकलण्याला विरोध करत ॲक्सलला जागेवर धरतो तो हाच रॉड. तो जरा जरी हलला तर चाकाआधी ॲक्सल हलतो. ड्रायव्हरला वाटतं स्टेअरिंग बॉक्समध्ये खेळ आहे. पुढं अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत एखाद्या वेगाला खड्डा लागला की दोन्ही चाकं डावी-उजवीकडं फडफडायला लागतात आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत ते थांबत नाही. मिस्त्री त्याला ‘गाडी वॉबलिंग मारते’ म्हणतात. अशा वेळी स्टेअरिंगशी कुस्ती करायची नाही, घट्ट पकडून ॲक्सिलरेटर सोडायचा आणि वेग हळूहळू उतरू द्यायचा. वॉबलिंगला टाय रॉड, किंगपिन बेअरिंग, कॅस्टर, टायर अशी इतरही कारणं असतात. नवा डॅम्पर ही सगळीच कारणं काही दिवस झाकून ठेवतो, म्हणून त्यावर पैसे शेवटी घालावेत.

जॅकवर चढवली की दोष लपतो

तपासणी सोपी आहे, दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. एकानं इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवायचं, पूर्ण फिरवायचं नाही. दुसऱ्यानं बाजूनं वाकून टॉर्चच्या उजेडात रॉडची दोन्ही टोकं बघायची. रबर पिळताना दिसेल, ते ठीक. बोल्टचं डोकं ब्रॅकेटच्या तुलनेत हलताना दिसलं तर दोष सापडला. बोटं सांध्यात घालायची नाहीत. मागच्या ॲक्सलसाठी दुसऱ्या माणसानं बाहेरून गाडीची बॉडी आडवी ढकलून डोलवायची.

गाडी जॅकवर चढवून, चाकं लोंबकळत ठेवून ही तपासणी करायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात सांध्यावरचा भार निघून जातो आणि जे बघायचं तेच दिसत नाही. पहारीनं रॉड हलवून बघणं पूरक म्हणून ठीक.

न हलवताही काही खुणा दिसतात. बोल्टच्या भोवती विटकरी रंगाची बारीक पावडर म्हणजे धातू घासतोय. वायसरच्या कडेला चमकदार चट्टा म्हणजे डोकं सरकतंय. वेल्डच्या काठानं रंगाला केसासारखी रेघ गेली असेल तर तारेच्या ब्रशनं रंग काढूनच बघा, कारण तिथं चीर असू शकते. सगळ्यात जास्त भीती या चिरेची. भोक वाढलं तर गाडी आधी तक्रार करते. ब्रॅकेट मुळापासून सुटला तर तो तक्रारीला वेळ देत नाही.

दुरुस्ती: कोणती टिकते, कोणती फसवते

फक्त बुश गेलाय आणि भोक गोल आहे, तर काम अर्ध्या दिवसाचं. जुना बुश प्रेसवर काढायचा, नवा बसवायचा. इथं एकच चूक वारंवार होते. बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळला जातो. मग चाकं जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेल्या स्थितीत राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हातानं लावून गाडी खाली घ्यायची, चार वेळा दाबून बसू द्यायची आणि मग चाकांवर वजन असताना टॉर्क पान्यानं आवळायचं. नवा बुश लवकर गेला की दोष बुशच्या कंपनीला दिला जातो. कंपनीचा दोष असेलही, पण आधी हे विचारावं.

भोक अंडाकृती झालं असेल तर गॅरेजमध्ये पहिला उपाय सुचतो तो जाड बोल्टचा. ‘१२ चा काढू, १४ चा टाकू.’ लांबट भोकात ड्रिल घातलं की ते मूळ मध्यावर राहत नाही, जिकडं धातू कमी तिकडं पळतं. बुशच्या नळीचं भोक १२ चंच असतं, तेही वाढवावं लागतं. आणि भोकाच्या कडेपासून कानाच्या कडेपर्यंतचा धातू कमी होतो. भोकाच्या मध्यापासून कानाच्या कडेपर्यंत निदान व्यासाच्या दीडपट धातू उरला नाही तर हा उपाय सोडूनच द्यावा, तिथून कान फाटतो. दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे वेल्डिंगचा रॉड मारून भोक बुजवायचं आणि पुन्हा पाडायचं. नीट केलं तर चालतं, पण वेल्डचा धातू टणक, पत्रा मऊ, त्यामुळं हँड ड्रिलनं पाडलेलं भोक क्वचितच गोल आणि सरळ येतं. तिसरा उपाय, म्हणजे बोल्टच वायसरसकट ब्रॅकेटला वेल्ड करून टाकणं, याला दुरुस्ती म्हणू नये. उष्णतेनं बोल्टची ताकद जाते आणि पुढच्या वेळी सगळंच कापावं लागतं.

टिकणारा उपाय असा. कानाच्या बाहेरच्या बाजूला ५-६ मिमी जाडीच्या पट्टीचा तुकडा लावायचा, ज्यात लेथवर किंवा रीमरनं बोल्टच्या मापाचं, फट नसलेलं भोक काढलेलं आहे. दोन्ही कानांना एकेक. कान आधी ग्राइंडरनं चकचकीत धातूपर्यंत साफ. मूळ भोकाचा जो भाग खाल्ला गेलेला नाही, त्यावरून मध्य ठरवायचा. मग बुशऐवजी त्याच लांबीची लोखंडी नळी मध्ये घालून बोल्ट आवळायचा, म्हणजे दोन्ही तुकडे एका रेषेत येतात. खरा बुश ठेवून वेल्ड केलं तर रबर जळतं. चार टाके मारायचे, बोल्ट फिरतो का बघायचं, तो काढून घ्यायचा आणि मग पूर्ण वेल्ड करायचं. काम ओबडधोबड दिसतं, पण जोर नव्या, गोल भोकावर जातो.

ब्रॅकेटलाच चीर असेल किंवा तो मुळातून वाकला असेल तर कापून नवा बनवावा लागतो. कापण्याआधी चॅसीवरच्या दोन पक्क्या खुणांपासून भोकाच्या मध्यापर्यंतची मापं लिहून ठेवायची, फोटो काढायचे. नंतर आठवणीनं जागा सापडत नाही. ब्रॅकेट ५ मिमी जरी चुकला तरी ॲक्सल तेवढा बाजूला जातो.

वेल्डिंगबद्दल काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात. बॅटरीच्या तारा काढायच्या, कारण आजच्या गाडीत ईसीयू आणि एअरबॅग आहेत. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारीच लावायचा, बंपरला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. ब्रेकची आणि डिझेलची लाइन कुठून गेली ते बघायचं, विझवायची बाटली हाताशी ठेवायची. मिग असेल तर उत्तम. हातानं मारायचं असेल तर ७०१८ सारखा कमी हायड्रोजनचा रॉड, आणि तो कोरडा. पावसाळ्यात उघड्या पुडक्यातला ओलसर रॉड वापरला तर वेल्ड वरून सुंदर आणि आतून चिरलेला निघू शकतो. ॲक्सलच्या नळीवर एका दमात लांब वेल्ड मारायचं नाही, नळी वाकते. छोटे टाके, मध्ये थंड होऊ द्यायचं, पाणी ओतायचं नाही.

बोल्टही महत्त्वाचा. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा बोल्ट इथं चालत नाही. डोक्यावर मूळ बोल्टवर होता तोच आकडा हवा, आणि कानांच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा. आटे आले तर ते करवतीसारखं काम करतात. शेवटी डाव्या-उजव्या चाकापासून चॅसीपर्यंतचं अंतर मोजायचं, ॲक्सल मध्ये आहे याची खात्री करायची आणि मग अलाइनमेंट.

देवराष्ट्र्याची जीप आणि कलम ५२

विट्याच्या शेजारी, कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे आहे. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांपासून, सुमारे ६० हजार रुपयांत, किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांनी शेअर केला आणि जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये दिलीही. कौतुक सगळ्यांच्या लक्षात राहिलं. महिंद्रांनी त्याच वेळी लिहिलेली दुसरी गोष्ट कमी लक्षात राहिली: ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या प्रशासन ती थांबवेल.

या पट्ट्यात कसब किती आहे आणि कायदा कुठं उभा आहे, दोन्ही त्या एका घटनेत दिसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं के. जयचंद्र प्रकरणात ते आणखी ठामपणे सांगितलं. कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग झिजलेला ब्रॅकेट वेल्ड करणं हा बदल आहे का? माझ्या वाचनानुसार नाही. कायद्यात बदल म्हणजे रचनेतला असा फरक, ज्यानं गाडीचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. ब्रॅकेट मूळ जागी, मूळ मापात आणणं ही दुरुस्तीच. लिफ्ट किटसाठी ब्रॅकेट खाली घेणं मात्र वेगळ्या खात्यात जातं, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर हा फरक बारकाईनं बघतो. म्हणून कामाआधीचे-नंतरचे फोटो आणि काय केलं ते लिहिलेलं बिल ठेवा. ‘वेल्डिंग मजुरी’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीचा उपयोग नाही.

एक मोठी फट मात्र आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मधल्या १५ वर्षांत नियमानं गाडीखाली कुणीही वाकून बघत नाही. पीयूसीवाला धूर बघतो, चॅसी नाही. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये झालं. शुल्काची चर्चा खूप झाली, तपासणीची झाली नाही.

हक्क आहे, कागद नाही

ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. आरोप हाच की सुटे भाग, निदानाची उपकरणं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणानं त्यांतल्या काही कंपन्यांचा दंड बराच कमी केला, निष्कर्ष मात्र कायम ठेवला. २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती आली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारींचाही समावेश झाला. पण दुरुस्ती किती सोपी याचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीनं मे २०२५ मध्ये अहवाल दिला तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून सुरुवात करणारा.

मोबाइलची बॅटरी बदलता यावी, हे बरोबरच. पण फोन बिघडला तर फोन बंद पडतो, आणि हा ब्रॅकेट बिघडला तर काय होतं ते वर आलंच आहे. आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स शिकून मुलं बाहेर पडतात. त्यांना गाडीमागं दोन पानांचा कागद मिळाला, ज्यात सस्पेन्शनच्या बोल्टांचे टॉर्क, ब्रॅकेटच्या भोकांची मापं आणि चॅसीवर कुठं वेल्ड चालतं-कुठं नाही एवढं असलं, तरी निम्मं काम होईल. यात कंपनीचं कुठलं गुपित फुटतं ते कळत नाही. सुट्या भागावरचा कर दहा टक्क्यांनी उतरला याचा फायदा रॉड घेणाऱ्याला झाला. जो भाग विकायलाच ठेवलेला नाही, त्यावरचा कर किती आहे याला अर्थ नाही.

दुसरी बाजू रिकॉलची. २०१८ मध्ये अमेरिकेत सुमारे १८ हजार जीप रँग्लर परत बोलावल्या गेल्या, कारण पुढच्या ट्रॅक बारचा ब्रॅकेट फ्रेमला योग्य जागी वेल्ड झालेला नव्हता आणि तो सुटण्याची शक्यता होती. म्हणजे हा दोष नेहमी मालकाच्या वापराचाच असतो असं नाही. भारतात १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला गाड्या परत बोलावायला लावू शकतं, दंड १ कोटी रुपयांपर्यंत आहे. अट अशी की गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि ठरलेल्या प्रमाणात तक्रारी ‘वाहन’ पोर्टलवर जमा व्हायला हव्यात. इथंच गाडं अडतं. तालुक्याच्या गावात ब्रॅकेट फाटला की तो दुपारपर्यंत वेल्ड होतो, गाडी संध्याकाळी रस्त्यावर येते आणि तक्रार कुठंच नोंदली जात नाही. मिस्त्रीची तत्परता कंपनीच्या पथ्यावर पडते. तुमची गाडी सात वर्षांच्या आतली असेल, आपटलेली किंवा लिफ्ट केलेली नसेल आणि तरी वेल्डच्या मुळाशी चीर दिसत असेल, तर ग्राइंडर चालवण्याआधी फोटो काढा, चॅसी नंबरसकट तक्रार टाका आणि मगच दुरुस्ती करा.

दुरुस्ती झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी एक सरळ रेघ ऑइल पेंटनं ओढून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर, आणि नंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला, टॉर्चनं ती बघायची. रेघ सलग असेल तर बोल्ट जागचा हललेला नाही. तुटलेली दिसली तर गाडी तिथंच उभी करून मिस्त्रीला टॉर्क पाना घेऊन बोलवा.